यहूदालाही पस्तावा झाला होता, मग पेत्रात वेगळं काय होतं?

वाटसरू (धागाकर्ता)

येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत यानं येशूला धरून दिलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमध्ये येशूची हकीकत सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमानं आहेत) २७व्या अध्यायाच्या सुरुवातीला त्याच्याबद्दल आणखी काही ओळी आहेत, त्यांच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. येशूला दोषी ठरवल्याचं पाहून यहूदाला पस्तावा झाला. तो मुख्य याजकांकडे आणि वडीलजनांकडे परत गेला, धरून देण्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी त्यांच्यापुढे केली आणि निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर काय, तर आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. नाणी मंदिरात फेकून तो निघून गेला आणि त्यानं स्वतःचा जीव घेतला.

पश्चात्ताप म्हणजे काय असं कुणालाही विचारा. केल्याचं मनापासून वाईट वाटणं, ते कबूल करणं आणि झालेलं नुकसान भरून द्यायला बघणं, असंच काहीसं उत्तर येईल. यहूदानं या तिन्ही गोष्टी केल्या, त्याही काही तासांत.

येशूचा दुसरा शिष्य पेत्र, त्याचं बघा. प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात, निखाऱ्यांच्या शेकोटीपाशी उभं राहून त्यानं येशूला तीनदा नाकारलं. तिसऱ्यांदा तर शपथा वाहून. कोंबडा आरवला, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील हे येशूचं बोलणं आठवलं आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. त्या रात्रीपुरतं एवढंच. कुणापुढे कबुली दिल्याचं लिहिलेलं नाही, भरपाईचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी क्रुसाजवळ जे उभे होते त्यांतही त्याचं नाव येत नाही. तरी पुढे पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी तोच झाला.

या दोघांचा विचार करताना माझी एका गोष्टीबद्दल खात्री होत गेली. दुःख किती खोल आहे यावरून पश्चात्ताप ओळखता येत नाही. यहूदाचं दुःख पेत्रापेक्षा कमी होतं असं म्हणायला शुभवर्तमानात कुठेही आधार नाही. फरक आहे तो तोंड कुणाकडे वळलं याचा. ज्यांच्याशी सौदा केला त्यांच्याचकडे यहूदा गेला, आणि त्यांना त्याच्या जिवाशी काही देणंघेणं नव्हतं. मग न्याय त्यानं स्वतःच केला आणि शिक्षाही स्वतःच दिली. पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांत राहिला. सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, ही त्याची फुशारकी त्या सगळ्यांना आठवत असणार, तरी राहिला. कबर रिकामी असल्याचं कळल्यावर धावत सुटणाऱ्यांत तो होता. आणि योहानाच्या २१व्या अध्यायात, किनाऱ्यावर उभा आहे तो येशू आहे हे कळताच त्यानं मचव्यातून पाण्यात उडी घेतली. लपायला सगळ्यात जास्त कारण ज्याला होतं, तोच सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे निघाला.

किनाऱ्यावर पुन्हा निखाऱ्यांचीच शेकोटी आहे. योहानानं ती दोन्हीकडे मुद्दाम सांगितली आहे असं मला वाटतं. तीनदा नाकारलं होतं, तर तीनदा विचारणा झाली. पण विचारलं काय? असं का केलंस, हे नाही. माझ्यावर प्रेम करतोस का, एवढंच. आणि दर वेळी उत्तरामागोमाग काम सोपवलं: माझी मेंढरं सांभाळ. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहान आवर्जून लिहितो. म्हणजे जखमेला हात लागलाच, तो चुकला नाही. फक्त तो हात बरं करणाऱ्याचा होता.

प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन दुःखांमधला फरक सांगितला आहे. एका दुःखातून पश्चात्ताप आणि तारण निपजतं, दुसऱ्यातून मरण. या विषयावर ज्यांनी मनापासून विचार केला आहे त्यांनी लिहावं. भरपाई, कबुली, क्षमा, सगळ्यावर बोलू.

अबोली

लूकनं एक वाक्य जास्तीचं दिलं आहे, ते इथे यायलाच हवं. कोंबडा आरवला तेव्हा प्रभूनं वळून पेत्राकडे पाहिलं (२२:६१). रडणं त्यानंतरचं आहे. म्हणजे आधी वळला तो येशू. यहूदाला त्या रात्रीनंतर ती नजर भेटली नाही. हे वाचलं की मला यहूदाची फार कणव येते.

तर्कशुद्ध

मी श्रद्धावान नाही, पण प्रश्न प्रामाणिक आहेत.

१. आयुष्यभर लोकांना नाडायचं आणि शेवटच्या घटकेला डोळ्यांत पाणी आणून मोकळं व्हायचं, हे या शिकवणीत बसतं की नाही? येशूच्या शेजारी क्रुसावर असलेल्या चोराला तर त्याच दिवशी सुखलोक मिळाला.

२. ज्याचं नुकसान झालं तो माणूस या सगळ्या व्यवहारात कुठे आहे? वाटसरू यांच्या लेखात पेत्र आहे, यहूदा आहे, येशू आहे. पण बहुतेक पापांत तिसरा एक माणूस असतो, ज्याला प्रत्यक्ष मार बसलेला असतो. बायबलमधलं ५१वं स्तोत्र दावीद राजाचं म्हणून सांगतात. त्यात तो देवाला म्हणतो की मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं आहे. फक्त? आपल्याच सैन्यातल्या उरीयाच्या बायकोला घरी बोलावून घेतलं, ते उघडकीला येऊ नये म्हणून उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारलं. मग उरीयाविरुद्ध काहीच नाही?

कर्माचं फळ भोगल्याशिवाय सुटका नाही हे ऐकत वाढलेल्या माणसाला ही क्षमा फार सवंग वाटते. रागावू नका, समजून घ्यायचं आहे.

जुना_कंदील

तर्कशुद्ध, दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, त्याला वाटसरू उत्तर देतीलच. पहिल्याबद्दल मी लिहितो.

बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमान लिहिणारा नव्हे) यार्देन नदीकाठी पश्चात्ताप करा म्हणून सांगत होता. लोकांनी त्याला अगदी सरळ विचारलं, मग आम्ही करायचं काय? लूकच्या ३ऱ्या अध्यायात त्याची उत्तरं आहेत आणि त्यांत एकही भावनेबद्दल नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी धाकदपटशानं पैसे उकळू नयेत, खोटे आरोप करू नयेत, पगारात समाधान मानावं. ज्याच्या त्याच्या धंद्यात जी खोट होती, तिच्यावरच त्यानं बोट ठेवलं. जकातदाराला त्यानं जकातीची नोकरी सोड म्हणून सांगितलं नाही, हेही बघा. ज्या गल्ल्यावर बसून लुबाडत होतास, त्याच गल्ल्यावर बसून सचोटीनं वाग. मला हे नोकरी सोडण्यापेक्षा अवघड वाटतं.

जक्कयाचं उदाहरण (लूक १९) याच धाग्यातलं. जकातदारांचा मुख्य, गडगंज माणूस. येशू घरी आल्यावर तो उभा राहून म्हणाला, माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात फसवणुकीबद्दल मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलं आहे (लेवीय ६). चौपटीचा नियम मेंढरू चोरून ते कापणाऱ्या किंवा विकणाऱ्यासाठी आहे (निर्गम २२). म्हणजे जक्कयानं स्वतःला हिशेबात गडबड करणाऱ्यांच्या रांगेतून काढून चोरांच्या रांगेत उभं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. सवंग क्षमा मिळालेला माणूस असं वागत नाही.

पण क्रम विसरू नका. येशू आधी म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. चौपटीची गोष्ट नंतरची. भरपाई ही क्षमेची किंमत म्हणून दिलेली नाही. क्षमा दारात येऊन उभी राहिली म्हणून हात मोकळा झाला. रोमकरांच्या पत्रात पौल हेच म्हणतो, देवाची ममता माणसाला पश्चात्तापाकडे नेते (२:४). भीतीनं माणूस लपतो, हिशेब दडवतो.

क्रुसावरच्या चोराकडे परत करायला वेळच नव्हता. तेवढ्या वेळात त्यानं स्वतःची शिक्षा रास्त असल्याचं कबूल केलं, शेजारच्याला गप्प केलं आणि येशू निर्दोष आहे असं म्हणाला. ज्याला वेळ आहे त्यानं त्या चोराचं उदाहरण द्यायचं कारण नाही.

दुर्वा

हा धागा वाचून गप्प बसवत नाही म्हणून लिहिते.

माझे वडील गेल्यावर एका जवळच्या नातेवाइकानं आईची सही कागद न वाचून दाखवता घेतली. आमचा वाटा गेला. आई त्या धक्क्यातून सावरलीच नाही. काही वर्षांनी तो माणूस प्रार्थनासभांना जायला लागला. मग एक दिवस घरी आला, रडला, म्हणाला माझं जीवन बदललं, देवानं मला क्षमा केली, आता तूही कर. मी म्हटलं, वाट्याचं काय? तर म्हणाला, जुनं उकरून काढू नकोस, देवानं ते समुद्राच्या तळाशी टाकलं आहे.

त्यानंतर मंडळीतल्या लोकांनी मलाच समजावायला सुरुवात केली. तो बदलला, तूच मन कठीण केलं आहेस. भावाला सत्तर वेळा सात क्षमा कर असं येशूनं सांगितलं, ते म्हणजे किती ते मला माहीत आहे. पण त्याच्या पश्चात्तापानं माझ्याच डोक्यावर एक नवं ओझं आलं, हे कुणी बोलत नाही. आता चुकलेली मी ठरले.

मोरपीस

दुर्वाताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. मी कॅथलिक आहे, माझ्या परंपरेतलं सांगते.

त्या माणसानं जे केलं ते घेऊन तो आमच्याकडे कन्फेशनला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) गेला असता, तर फादरांनी पहिला प्रश्न तुम्ही विचारलात तोच विचारला असता. वाट्याचं काय? चोरलेलं परत करणं शक्य असूनही करायची तयारी नसेल, तर तो पस्तावा खरा धरता येत नाही, आणि खऱ्या पस्ताव्याशिवाय पापमुक्तीचे शब्द उच्चारता येत नाहीत. कन्फेशन म्हणजे खोक्यात जाऊन पापं पुटपुटली की पाटी कोरी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आत काय होतं ते सांगते. आधी मागचं कन्फेशन कधी केलं ते सांगायचं. मग पापं नाव घेऊन सांगायची, गंभीर असतील तर किती वेळा तेही. 'माझ्याकडून काही चुका झाल्या असतील' असं चालत नाही. फादर विचारतात, सल्ला देतात, प्रायश्चित्त सांगतात, आपण पस्ताव्याची प्रार्थना म्हणतो, त्यानंतर मुक्तीचे शब्द. जे ऐकलं ते फादरांनी कुणालाही, कधीही सांगायचं नाही. ही गुप्तता मोडली तर चर्चच्या कायद्यानं ते थेट बहिष्कृत होतात.

मोठ्यानं सांगावं लागतं यातच बरंच काही आहे. मनातल्या मनात पाप नेहमी थोडं धूसर राहतं. 'मी आईकडून खोटेपणानं सही घेतली' हे शब्द दुसऱ्याच्या कानावर पडेपर्यंत माणूस स्वतःशीसुद्धा ते पुरतं बोललेला नसतो.

हे रूप पहिल्यापासून असंच नव्हतं. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांसाठीचं प्रायश्चित्त चारचौघांत असे, बराच काळ चाले आणि बाप्तिस्म्यानंतर आयुष्यात एकदाच मिळे. त्या धास्तीनं कित्येक जण बाप्तिस्माच लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइननं तो ३३७ मध्ये मरणाच्या दारात घेतला. साधारण ६व्या शतकापासून आयरिश साधूंनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या कबुलीची वाट रूढ केली. १२१५ च्या लॅटरन या चर्चच्या परिषदेनं वर्षातून एकदा तरी कन्फेशन करायलाच हवं असा नियम केला.

३९० मधलं एक प्रकरण मला नेहमी आठवतं. थेस्सलनीका शहरात दंगलीत एक सेनाधिकारी मारला गेला, त्याचा सूड म्हणून सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी हजारो माणसं कापली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहून कळवलं की तुम्ही प्रायश्चित्त केल्याशिवाय तुमच्यादेखत मी पवित्र विधी करणार नाही. दावीदाचाच दाखला दिला. आणि रोमन साम्राज्याच्या धन्यानं राजचिन्हं उतरवून चर्चमध्ये सगळ्यांसमोर शोक केला. सत्ता असलेल्या माणसाला 'आधी हे नीट कर' असं सांगणारा कुणीतरी लागतो. दुर्वाताई, तुमच्या मंडळीनं ते काम त्याच्या बाबतीत करायला हवं होतं. ते सोडून सगळे तुमच्याकडे आले.

जुना_कंदील

मोरपीस, उत्तम माहिती. एक मतभेद नोंदवतो. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विननं यहूदाच्या याच प्रसंगावर लिहिताना तुमच्या परंपरेला टोकलं होतं: मन खंतावणं, कबुली आणि भरपाई एवढाच पश्चात्ताप असेल तर यहूदानं तो पुरा केला होता. वाटसरू यांचा मुद्दा हाच आहे.

मोरपीस

टीका माहीत आहे. पण १५५१ मध्ये आमच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं पस्ताव्याची व्याख्या करताना त्याला देवाच्या दयेवरचा भरवसा जोडून दिला आहे. तो भरवसा नसेल तर आमच्याकडेही तो पस्तावा अपुराच. यहूदाकडे नेमकं तेच नव्हतं. इथे आपण वाटतो तितके लांब नाही.

वाटसरू

तर्कशुद्ध, तुमचा उरीयाचा प्रश्न मला टाळायचा नाही. 'फक्त तुझ्याविरुद्ध' ही ओळ अवघड आहे आणि तिचा गैरवापर होतो. दुर्वाताईंच्या नातेवाइकानं तोच केला: माझं आणि देवाचं मिटलं, तू कोण विचारणार?

पण शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातला १२वा अध्याय सोबत ठेवून ते स्तोत्र वाचा. नाथान संदेष्टा दावीदाकडे येतो आणि एक हकीकत सांगतो. एका गरिबाकडे एकुलती एक कोकरी होती, त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत झोपायची. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा स्वतःचा कळप सोडून त्यानं ती कोकरी कापली. दावीद संतापला आणि म्हणाला, त्या माणसाला चौपट भरून द्यावं लागेल. जक्कयाचा तोच आकडा. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

नाथाननं उरीयाच्या बाजूनं सुरुवात केली आहे, हे बघण्यासारखं आहे. ज्याचं गेलं त्याचं घर, त्याचं ताट, त्याची माया आधी दावीदाच्या डोळ्यांपुढे उभी केली. देवाचा अपमान झाला हे नंतर आलं. उरीया तर मेला होता. त्याला चौपट द्यायचं म्हणजे काय द्यायचं? त्याच्या वतीनं जाब विचारणारा आता देवच उरला होता. मी त्या ओळीचा अर्थ असा घेतो. उरीयाला त्यातून वगळलेलं नाही. उरीयाचा दावा देवानं स्वतःकडे घेतला आहे.

आणि कर्मफळाबद्दल. नाथाननं क्षमा सांगितली, त्याच दमात सांगितलं की तलवार तुझ्या घरातून हटणार नाही. मूल दगावलं. त्या मुलाचा काय दोष, हा प्रश्न मला तिथे टोचतो आणि टोचतच राहतो. पुढे मुलांमध्ये रक्तपात झाला, अबशालोम या मुलानं बंड केलं. क्षमा मिळाली म्हणून परिणाम थांबले नाहीत.

मत्तयानं पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ दिली आहे. दावीदाला शलमोन झाला हे सांगताना तो बथशेबाचं नाव घेत नाही. उरीयाची जी बायको होती तिच्यापासून, असं म्हणतो. इतक्या पिढ्यांनंतर, ख्रिस्ताच्या घराण्याच्या यादीत, ज्याचा खून झाला त्याचं नाव तसंच ठेवलं आहे. देव क्षमा करतो तेव्हा मार खाल्लेल्याला विसरत नाही, याचा मला याहून मोठा पुरावा माहीत नाही. 'समुद्राच्या तळाशी' हे शब्द मीखा संदेष्ट्याचे आहेत आणि ते देवानं पापी माणसाबद्दल बोलायचे आहेत. पाप्यानं ते ज्याला लुबाडलं त्याच्या तोंडावर फेकायचे नाहीत.

तर्कशुद्ध

वंशावळीतलं हे मला ठाऊक नव्हतं. उत्तर पटलं असं लगेच म्हणत नाही, पण सवंग हा शब्द मागे घेतो.

रानवारा

थोडं अवांतर, पण माझ्यासाठी तातडीचं आहे. एकच पाप मी वारंवार करतो. दर वेळी मनापासून रडतो, दर वेळी ठरवतो, पुन्हा तेच. आता प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते. माझा आधीचा पश्चात्ताप खोटाच होता का? असेल तर आत्ताचाही खोटा नाही कशावरून?

अबोली

भावाने एका दिवसात सातदा तुझा अपराध केला आणि सातदा परत येऊन मला पस्तावा झाला म्हणाला, तर क्षमा कर, असं येशूनं शिष्यांना सांगितलं (लूक १७:४). जे आपल्याला करायला सांगितलं, ते तो स्वतः करणार नाही का? लाज वाटते म्हणून प्रार्थना सोडू नकोस. तेवढं एक कर.

जुना_कंदील

रानवारा, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर मठात असताना तासन्‌तास कबुली द्यायचा, उठून बाहेर पडायचा आणि राहिलेलं एखादं पाप आठवून परत जायचा. त्याचा गुरू स्टाउपिट्झ वैतागायचा. ल्यूथर स्वतःचा पस्तावा तपासत होता: पुरेसा आहे का, खरा आहे का? त्या तपासणीला तळच नाही. पुढे १५१७ मध्ये त्यानं जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच असा की ख्रिस्तानं पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला अभिप्रेत होतं. म्हणजे एकदा उरकून टाकायची ही गोष्टच नाही. कालचा खोटा होता का, हा प्रश्न सोडून दे. आज वळ.

वेळ लागतो याचंही उदाहरण देतो. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७४८ मध्ये वादळात सापडला आणि देवाकडे वळला. ती तारीख तो आयुष्यभर पाळत असे. पण त्यानंतर १७५० ते १७५४ या काळात तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता! प्रार्थना करायचा आणि तळघरात साखळ्यांनी बांधलेली माणसं असायची. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. १७६४ मध्ये पाळक झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानं पुस्तिका छापली ती १७८८ मध्ये, वादळानंतर तब्बल ४० वर्षांनी. त्यात स्वतःचा सहभाग उघड कबूल केला आणि जहाजावर काय चालायचं त्याचं बारकाईनं वर्णन केलं. पुढे सरकारी चौकशीत साक्षही दिली. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद केला, त्याच वर्षाच्या शेवटी न्यूटन वारला.

त्याचं १७४८ चं वळणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ते अर्धवट होतं, आणि त्या अर्धवटपणाची किंमत त्या जहाजांतल्या माणसांनी मोजली. म्हणून तुला धीर देताना एवढंही सांगतो, तुझ्या या पापात दुसऱ्या कुणाला इजा होत असेल तर आधी त्या माणसाला तुझ्यापासून सुरक्षित कर. तुझ्या मनाचं नंतर बघू.

रानवारा

दुसऱ्या कुणाला इजा नाही, ते व्यसन माझं माझ्यापुरतं आहे. कुणालाच सांगितलेलं नाही अजून.

मोरपीस

मग तेच पहिलं पाऊल, रानवारा. एका भरवशाच्या माणसाला नाव घेऊन सांग. फादर, पाळक, मित्र, कुणीही, पण दर वेळी नवा माणूस शोधू नकोस, एकालाच धर. आणि व्यसन आहे म्हणतोस तर डॉक्टरकडे जाणं हाही पश्चात्तापाचाच भाग आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारलं असतंस, मी काय करू, तर त्यानं असलंच काही रोखठोक सांगितलं असतं.

दुर्वा

सगळ्यांचे आभार. नाथान कोकरीवाल्याच्या बाजूनं बोलला हे वाचून खूप दिवसांनी कुणीतरी माझ्या बाजूला बसल्यासारखं वाटलं.

एक विचारते. मला सूड नको आहे. त्याचं वाईट व्हावं असंही आता वाटत नाही. पण सगळं ठीक आहे असं मी म्हणावं, हे माझ्याकडून होत नाही. ही क्षमा न करणं आहे का?

वाटसरू

नाही, ताई. सूड सोडणं तुमच्या हातात होतं, ते तुम्ही केलंत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे क्षमेचा गाभा तोच आहे. संबंध पुन्हा जुळणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला दोघं लागतात. आणि 'सगळं ठीक आहे' म्हणणं तर खोटं बोलणं झालं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं येशू म्हणतो (मत्तय ५). उठून जायचं आहे ते अर्पण घेऊन आलेल्यानं. त्या प्रार्थनासभांमधून उठून यायची पाळी तुमच्या नातेवाइकाची आहे, आणि रिकाम्या हातानं नाही.

जुना_कंदील

यात भर घालतो, कारण मंडळीतले लोक तुमच्यावर दबाव आणत असतील तर त्यांच्याच पुस्तकातली रीत त्यांना दाखवता येईल. मत्तय १८:१५ ते १७. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीदार म्हणून सोबत ने. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. सत्तर वेळा सातचं वचन याच अध्यायात, याच्या लगेच पुढे आहे. लोक ते ऐकवतात आणि आधीचं हे गाळतात. पहिली पायरी तुमची झालेली आहे, वाट्याचं काय म्हणून तुम्ही त्याला तोंडावर विचारलंत. आता साक्षीदारांची पायरी. त्याला मान्य असेल तर किती, कधी आणि कसं परत करणार, ते त्यांच्यासमोर लिहून द्यायला सांगा. कायदेशीर बाजू वकिलाला वेगळी विचारा. एक केलं म्हणून दुसरं करता येत नाही असं काही नाही.

दुर्वा

हे वचन मला कुणीच दाखवलं नव्हतं. मंडळीत दोन वडीलधाऱ्या बाया आहेत, आईच्या ओळखीच्या. त्यांना या रविवारी विचारते, येता का म्हणून.